स्तनांतील गांठ : केव्हां दाखवावी ?

आमच्या घरांतून किती तरी गोष्टींचा खल होत असतो. मुलानें कोणत्या शाखेस जावें, मुलीसाठीं सांगून आलेलें स्थळ कसें आहे, आजोबांच्या डोळ्यांतील मोतीबिंदु यंदां काढावा कीं पुढील हिवाळ्यांत, या साऱ्या प्रश्नांवर जेवतांना थोरांपासून धाकट्यांपर्यंत प्रत्येकाचें मत घेतलें जातें. परंतु त्याच घरांतील एखाद्या बाईच्या हाताला स्नान करतांना छातींत गांठ लागली, तर ती गोष्ट मात्र न्हाणीघराच्या दाराबाहेर पडत नाहीं. ती बाई मनाशींच हिशेब मांडते. आतां श्रावण आहे, व्रतवैकल्यें होऊन जाऊं देत. मग गणपति येतात, मग नवरात्र. दिवाळीस नणंद माहेरीं यावयाची आहे. त्यानंतर मुलाची परीक्षा. असें करतां करतां सहा महिने निघून जातात आणि ज्या गोष्टीचा निकाल एका आठवड्यांत लागला असता, ती सबंध घराच्या डोक्यावर येऊन आदळते.

या विषयावर कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मोकळेपणानें लिहावें काय, अशी शंका कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस येईल. आमचें उत्तर असें कीं, जें दुखणें घरांतील आईला, सुनेला, आत्याबाईंना होऊं शकतें, त्याविषयीं घरांत बोलतां येत नसेल तर दोष विषयाचा नाहीं. सन २०२२ मध्यें भारतांत सुमारें १ लक्ष ९२ हजार स्त्रियांस स्तनाचा कर्करोग नव्यानें झाला आणि सुमारें ९८ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडील स्त्रियांत हल्लीं हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. अशा स्थितींत संकोच पाळण्याची किंमत फार जबर पडते.

तथापि भीति घालण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत नाहीं. उलट पहिली गोष्ट धीराचीच सांगावयाची आहे. हाताला लागणाऱ्या बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. दहांपैकीं आठ-नऊ तरी निरुपद्रवी निघतात. स्तन हा मुळांतच गुळगुळीत, एकसारखा अवयव नव्हे. त्यांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथि, तें वाहून नेणाऱ्या नलिका, त्यांस आधार देणारे तंतु आणि मेद हीं सर्व एकत्र असतात, आणि मासिक पाळीच्या चक्राबरोबर त्यांत दर महिन्यास फरक पडतो. पाळीपूर्वीं स्तन जड व गांठाळ लागावेत आणि पाळी होऊन गेल्यावर पुन्हां मऊ व्हावेत, हा निसर्गक्रमच आहे.

वयाप्रमाणें गांठींचे प्रकारहि बदलतात. पंधरा ते तीस या वयांत बहुधा जी गांठ सांपडते ती गोटीसारखी घट्ट, वाटोळी आणि बोटांखालून सुळकन् सरकणारी असते. इंग्रजीत तिला फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. ती कर्करोग नव्हे, आणि पुष्कळदां ती काढावीहि लागत नाहीं. पस्तिशीपासून पाळी बंद होईपर्यंतच्या काळांत पाण्यानें भरलेल्या गांठी, म्हणजे सिस्ट, अधिक आढळतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनांत दूध सांठून किंवा पू होऊन गांठ होते. जसजसें वय वाढत जातें, तसतसा नव्या गांठीबद्दलचा संशय मात्र वाढवावा लागतो. आपल्या देशांत पन्नाशीच्या आंतील रुग्णांचें प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षां अधिक असल्यामुळें, “अजून माझें वय कोठें झालें आहे” हा दिलासाहि पुरा पडत नाहीं.

मग प्रश्न असा कीं, निरुपद्रवी गांठ कोणती आणि घातक कोणती, हें घरबसल्या कसें ओळखावें ? याचें सरळ उत्तर आहे : घरबसल्या तें ओळखतां येत नाहीं. पुष्कळ वर्षें हातांखालून रोगी गेलेल्या शल्यचिकित्सकासहि केवळ बोटांनीं चाचपून खात्रीचा निर्णय देतां येत नाहीं. तो तपासणीनेंच लागतो. तेव्हां घरांत ठरवावयाचें असतें तें एवढेंच कीं, दाखवावयास जावयाचें तें केव्हां.

याबाबतींत एक गैरसमज फार घातक आहे. “दुखत तर नाहीं, मग डॉक्टरांकडे कशाला जायचें ?” हें वाक्य आपल्या घरांतून पदोपदीं ऐकूं येतें. दुखणें म्हणजे तेंच, जें दुखतें, अशी आपली समजूत आहे. स्तनाच्या बाबतींत गोष्ट जवळ जवळ उलट आहे. पाळीच्या आधीं दोन्ही स्तन दुखणें हें अतिशय सामान्य असून, गांठ नसतांना नुसती वेदना हें कर्करोगाचें लक्षण क्वचितच असतें. याच्या उलट कर्करोगाची गांठ प्रारंभीं बहुधा मुळींच दुखत नाहीं. आपल्या पूर्वजांनाहि हें निरीक्षण अपरिचित नव्हतें. सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन करतांना तें वाटोळें, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मुळांचें, सावकाश वाढणारें आणि न पिकणारें असतें असें सांगितलें आहे. तेव्हां न दुखणारी गांठ हें स्वस्थ बसण्याचें कारण नसून दाखवावयास जाण्याचें कारण आहे, हें घरांतील प्रत्येक स्त्रीनें लक्षांत ठेवावें. दुखणारी गांठ असली तर ती दाखवूं नये, असा मात्र याचा अर्थ कोणी करूं नये. गांठ ती गांठ, दुखो वा न दुखो.

आतां मुदतीविषयीं. तिशीच्या आंतील स्त्रीस पाळीच्या सुमारास स्तन गांठाळ वाटूं लागला, आणि खालीं सांगितलेल्या खुणांपैकीं एकहि खूण नसली, तर तिनें एक पाळी होऊन जाऊं द्यावी. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हां पाहावें. गांठ नाहींशी झाली असेल तर विषय संपला. ती तशीच असेल तर डॉक्टरांकडे जावें. दुसऱ्या पाळीची वाट पाहूं नये. जी गांठ पहिल्यापासूनच निराळी, स्पष्ट हाताला लागते, ती मात्र या वयांतहि थेट दाखविणेंच बरें. तीस वर्षांवरील स्त्रीनें नवी गांठ लागल्यास आठ-पंधरा दिवसांच्या आंत दाखवावी. जिची पाळी कायमची बंद झाली आहे तिच्या बाबतींत “पाळीनें सूज आली असेल” ही सबबच उरत नाहीं. तिनें त्याच आठवड्यांत जावें. गरोदर स्त्रीनें “बाळंतपण होऊन जाऊं दे” असें म्हणूं नये. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी या दोन्ही गोष्टी गरोदरपणांत करतां येतात. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल होऊन ठणकूं लागला व ताप भरला, तर तिनें एक-दोन दिवसांतच उपाय सुरू करावा. आणि औषध घेऊनहि लाली व सूज आठ-दहा दिवसांत हटली नाहीं, तर पुढील तपासणीचा आग्रह धरावा. कारण एक प्रकारचा कर्करोग हुबेहूब पू झाल्याचें सोंग घेऊन येतो.

कांहीं खुणा अशा आहेत कीं, त्या दिसल्यावर वय, पाळी, सणवार यांपैकीं कशाचाहि विचार करूं नये. स्तनाच्या त्वचेला खळी पडणें किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्रें छिद्रें दिसणें. पूर्वीं बाहेर असलेलें स्तनाग्र नव्यानें आंत ओढलें जाणें. दाबल्यावांचून आपोआप, विशेषतः एकाच स्तनाग्रांतून, रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव येणें. स्तनाग्रावर बरें न होणारें, खपली धरणारें खरजेसारखें चट्टें उठणें. कांखेंत गांठ लागणें. एका स्तनाचा आकार नव्यानें बदलणें. आणि दगडासारखी टणक, आजूबाजूच्या भागाला चिकटून बसलेली, न हलणारी गांठ असणें. यांपैकीं एकहि दिसलें तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांची वेळ घ्यावी. येथें पुरुषवाचकांसहि एक शब्द सांगावयास हवा. शंभर रुग्णांत सुमारें एक पुरुष असतो. स्तनाग्रामागें टणक गांठ लागल्यास ती दाखविण्याचा नियम त्यांनाहि लागू आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतें, हें ठाऊक नसल्यामुळेंहि पुष्कळ जणी पाऊल मागें घेतात. म्हणून तें सांगतों. तपासणीचे तीन भाग असतात. आधीं डॉक्टर दोन्ही स्तन व दोन्ही कांखा हातानें तपासतात. नंतर छायाचित्रण होतें. तरुण स्त्रीच्या स्तनाची घडण दाट असल्यामुळें मॅमोग्राफीच्या चित्रांत गांठ झांकली जाते. म्हणून तिची बहुधा आधीं सोनोग्राफी करतात, आणि चाळिशीपुढें मॅमोग्राफी व तिच्या जोडीला बहुधा सोनोग्राफीहि होते. संशय राहिल्यास जागा बधिर करून सुईनें गांठीचा बारीकसा तुकडा घेतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. यालाच बायोप्सी म्हणतात. या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे निर्णय झाला. मॅमोग्राफी निर्दोष आली तरी हाताला लागणारी गांठ तेवढ्यानें निकालांत निघत नाहीं, हें ध्यानांत असावें. तसेंच “सुई लावली कीं रोग पसरतो” ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. तिला आधार नाहीं. सुई लावल्यामुळें नव्हे, तर सुई लावण्यास उशीर झाल्यामुळें माणसें दगावतात. आणि एखाद्या डॉक्टरांनीं हातहि न लावतां “कांहीं नाहीं, चिंता करूं नका” असें म्हटलें व गांठ मात्र राहिली, तर दुसऱ्याचें मत घेण्यांत कोणाचाहि अपमान नाहीं.

चुकवाचुकवीचा हा स्वभाव केवळ आपल्याच समाजाचा आहे असें मात्र नाहीं. फॅनी बर्नी ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील नामांकित इंग्रज कादंबरीकर्त्री. सन १८१० मध्यें, पॅरिस येथें राहत असतांना, तिच्या स्तनांत दुखूं लागलें. डॉक्टरांना दाखवावें म्हणून पति पाठीस लागला, तरी ती पुष्कळ दिवस तयार होईना. अखेर सन १८११ च्या सप्टेंबरांत, भूल देण्याचें शास्त्र अजून जन्मासहि आलें नव्हतें अशा काळांत, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. आणि त्या प्रसंगाचें वर्णन तिनें आपल्या बहिणीस पत्रांतून कळविलें. ती पुढें सन १८४० पर्यंत जगली. त्या काळच्या स्त्रीनें घाबरावें यांत नवल नव्हतें. आज तें भय तसेंच बाळगण्याचें कारण काय ?

कारण उपचारच पालटले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅल्स्टेड या अमेरिकन शल्यचिकित्सकानें स्तन, त्याखालचे स्नायु आणि कांखेंतील ग्रंथि असें सर्व काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिचाच अंमल पाऊणशें वर्षें चालला. तिच्यामुळेंच “गांठ म्हणजे स्तन गेला” ही धास्ती घरोघरीं बसली. परंतु अमेरिकेंत फिशर आणि इटलींत व्हेरोनेसी यांनीं रुग्णांची वीस वर्षें नोंद ठेवून सन २००२ मध्यें दाखवून दिलें कीं, गांठ लहान असतांना तेवढीच काढून पुढें किरणोपचार केले, तरी संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच त्या स्त्रिया जगतात. या साऱ्यांत “गांठ लहान असतांना” हे शब्द महत्त्वाचे आहेत. जी लवकर जाते तिला निवड करावयास मिळते. जी उशिरा जाते तिच्या वतीनें रोग निवड करतो.

याविषयीं आपल्या मुंबईचाच एक दाखला देतां येईल. टाटा स्मारक रुग्णालय सन १९४१ मध्यें परळ येथें उघडलें. त्या रुग्णालयानें सन १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारें दीड लक्ष स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हातांनीं तपासले. वीस वर्षांच्या नोंदी सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झाल्या. तपासलेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें शेंकडा ३० नें कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तरीसुद्धां महागडीं यंत्रें नसतांना, केवळ वेळेवर फिरलेल्या हातांनीं एवढें साधावें, ही गोष्ट लहान नाहीं. सरकारी आरोग्य केंद्रांतूनहि ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पांच वर्षांनीं करण्याची योजना आहे. तिचा लाभ घेण्यांत कमीपणा मानूं नये.

दर महिन्यास ठराविक पद्धतीनें स्वतःची तपासणी करावी काय, असें कित्येक भगिनी विचारतील. चीनमधील शांघाय येथें अडीच लक्षांहून अधिक गिरणीकामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. सन २००२ मध्यें त्याचा निष्कर्ष आला तो असा कीं, अशा शिक्षणानें मृत्यु कमी झाले नाहींत, निरुपद्रवी गांठींवरील शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. यावरून बोध घ्यावयाचा तो इतकाच कीं, महिन्याच्या महिन्याला व्रतासारखी धास्तावून तपासणी करण्याचें कारण नाहीं. परंतु आपल्या शरीराची ओळख असावी. स्नान करतांना, कपडे बदलतांना आपलें नेहमींचें स्वरूप कसें आहे हें ठाऊक असलें, म्हणजे त्यांत नवें कांहीं आलें तर तें लगेच कळतें.

आतां राहिले घरांतले आक्षेप. पहिला लाजेचा. पुरुष डॉक्टरांपुढें अंग कसें उघडावें, ही अडचण आमच्या पणज्यांना खरोखरच होती. आनंदीबाई जोशी यांनीं सन १८८३ मध्यें श्रीरामपूर येथील आपल्या भाषणांत, हिंदुस्थानांत स्त्रीडॉक्टरांची उणीव आहे म्हणून आपण परदेशीं जात आहों, असें सांगितलें होतें. सन १८८६ मध्यें त्या फिलाडेल्फिया येथें पदवीधर झाल्या. पुढें रखमाबाईंनीं लंडनला शिकून येऊन अनेक वर्षें रुग्णसेवा केली. त्यांनीं ज्या वाटेवरचे कांटे वेंचले, ती वाट आज मोकळी आहे. मोठ्या गांवांतून स्त्रीडॉक्टर सहज मिळतात. आणि डॉक्टर पुरुष असले तरी तपासणीच्या वेळीं परिचारिकेनें किंवा घरांतील बाईनें जवळ उभें राहावें, अशी मागणी करण्याचा प्रत्येक स्त्रीस अधिकार आहे.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं : “बाहेर कळलें तर मुलींचीं लग्नें कशीं व्हावयाचीं ?” हा रोग संसर्गानें होत नाहीं. शंभरांपैकीं पांच-दहा रुग्णांतच तो मातेकडून किंवा पित्याकडून आलेल्या एखाद्या सदोष जनुकामुळें होतो. बाकीच्यांच्या बाबतींत तसें नसतें. यांतून दोन गोष्टी निघतात. घराण्यांत कोणास नव्हता म्हणून निर्धास्त राहूं नये. आणि घराण्यांत आई, मावशी, आत्या यांपैकीं एकीस तरुण वयांत, किंवा अनेकींस झाला असेल, तर तें मुलींपासून लपवूं नये, कारण त्या माहितीवर त्यांचे प्राण अवलंबून असतात. ज्या स्थळाला ही गोष्ट सांगण्याचें भय वाटतें, तें स्थळ मुलीच्या हिताचें आहे काय, याचाहि विचार व्हावा.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्राथमिक तपासणीस येणारा खर्च आपल्याकडील एका साध्या मुंजीच्या खर्चाच्या पासंगासहि पुरत नाहीं, आणि सरकारी रुग्णालयांतून तो त्याहूनहि कमी येतो. पुढील उपचारांसाठीं महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचें साह्य आहे. उशिरा सांपडलेल्या रोगाचा उपचार मात्र लांबतो आणि कित्येक पटींनीं महाग पडतो. चौथा आक्षेप घरगुती उपायांचा. लेप लावून, शेक देऊन, किंवा भ्रमणध्वनीवर फिरत आलेला काढा पिऊन गांठ विरते काय हें आधीं पाहूं, असें म्हणणाऱ्या मंडळींचा हेतु चांगला असतो. परंतु निदान होण्यापूर्वींचा प्रत्येक उपाय म्हणजे हातचा वेळ घालविणें होय. ज्यांची आयुर्वेदावर श्रद्धा आहे त्यांनींहि आधीं निदान करून घ्यावें.

शेवटीं घरांतील मंडळींस विनंति. एकत्र कुटुंबांत सुनेस डॉक्टरकडे जावयाचें तर किती जणांच्या सोयी पाहाव्या लागतात, हें आम्ही जाणतों. म्हणूनच पहिलें पाऊल थोरांनीं उचलावें. सासूबाईंनीं एखाद्या दुपारीं सुनांना व लेकींना जवळ बसवून हा विषय स्वतः काढावा. त्यांनीं काढला म्हणजे धाकट्यांच्या तोंडचें कुलूप आपोआप निघेल. थोरल्या जाऊबाईंनीं धाकटीबरोबर दवाखान्यांत जावें, आणि त्या दिवसाचा स्वयंपाक पुरुषांनीं उरकावा. नवऱ्यानें “तुला उगाच शंका येतात” असें न म्हणतां वेळ ठरवून द्यावी. आणि घरांतील वृद्ध स्त्रिया, ज्यांना “आतां आमचें काय राहिलें” असें म्हणून स्वतःचें दुखणें मोजावयाचेंच नसतें, त्यांच्याकडे सर्वांनीं विशेष लक्ष द्यावें ; कारण या रोगाचा धोका वयाबरोबर वाढतो, आणि त्याच सर्वांत उशिरा बोलतात.

गांठ लागली तर ती दोन दिवसांच्या आंत घरांतील एका माणसास सांगावी आणि वर दिलेल्या मुदतींत डॉक्टरांस दाखवावी, एवढाच नियम प्रत्येक घरानें करावा. दहांपैकीं आठ-नऊ वेळां तपासणीहून परत येतांना मन हलकें झालेलें असेल. उरलेल्या वेळीं, वेळेवर गेल्याचें समाधान तरी पदरीं असेल, आणि पुष्कळदां त्याच्याबरोबर पुढचें आयुष्यहि.